आधी समज, मग सही

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई

विषय: लायपोसक्शन करून घेणाऱ्यांना शस्त्रक्रियेआधी मराठीतून पूर्ण माहिती आणि विचाराला वेळ मिळण्याबाबत

महोदय,



लग्नसराई तोंडावर आली की मोठ्या शहरांतल्या फलकांवर आणि सगळ्यांच्या मोबाइलवर एक जाहिरात हमखास दिसू लागते. डावीकडे सुटलेले पोट, उजवीकडे सपाट पोट. खाली मजकूर: त्याच दिवशी घरी, टाक्यांची खूण नाही, सुलभ मासिक हप्ते. चरबी नेमकी कोण काढणार, हे त्यात नसते. काही बिघडलेच तर रुग्णाला कुठे हलवणार, हेही नसते. जाहिरातीकडून तशी अपेक्षा कुणी करत नाही. पण जाहिरात पाहून फोन केल्यापासून ऑपरेशनच्या टेबलावर झोपेपर्यंत हे कुणीतरी सांगायला हवे, आणि ते अनेकदा सांगितले जात नाही. म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. आरोग्याविषयी वाचणारी आणि लिहिणारी एक नागरिक आहे. लायपोसक्शनला माझा विरोध नाही. स्वतःच्या शरीराचे काय करायचे हे सज्ञान माणसाने स्वतः ठरवावे, आणि ते ठरवल्याबद्दल त्याला शेजारपाजाऱ्यांचे टोमणे ऐकावे लागू नयेत, असेच मला वाटते. छाती वाढल्यामुळे पोहायला आणि मित्रांसमोर शर्ट काढायला लाजणारा मुलगा, किंवा लिपिडीमा या आजाराने पाय जड आणि दुखरे झालेली बाई, यांना या शस्त्रक्रियेने खरा दिलासा मिळतो. माझी हरकत आहे ती क्रमाला. आज निर्णय आधी होतो, अनामत रक्कम मग भरली जाते आणि माहिती सगळ्यात शेवटी येते. तीही छापील इंग्रजी संमतिपत्रावर, सकाळी उपाशीपोटी, अंगात रुग्णालयाचा गाऊन चढवल्यानंतर. त्या क्षणी सही न करता उठून घरी जाणारा माणूस विरळाच. हा क्रम उलटा करणे आपल्या परिषदेच्या हाती आहे.

त्यासाठी प्रत्येक इच्छुकाच्या हाती पैसे भरण्यापूर्वी एक मराठी माहितीपत्रक पडले पाहिजे. त्यात काय असावे, हे मी इथेच मांडते. म्हणजे आपला निर्णय होईपर्यंत वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट: ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नाही. त्वचेला लहान छेद देऊन काही मिलिमीटर जाडीची पोकळ नळी, म्हणजे कॅन्युला, त्वचेखालच्या चरबीत घालतात. ती मागेपुढे फिरवत चरबी सुटी करतात आणि यंत्राने ओढून घेतात. तीन लिटर काढले तरी त्यात चरबीबरोबर सोडलेले द्रव आणि थोडे रक्तही असते. वजनकाट्यावर दोन-अडीच किलोंचा फरक पडला तरी पुष्कळ. व्यायाम आणि आहार सांभाळूनही कंबरेवर, मांडीवर किंवा हनुवटीखाली हट्टाने राहिलेला साठा कमी करून तिथला आकार सुधारणे, एवढेच हिचे काम. म्हणून साधारण योग्य वजनाच्या, वजन स्थिर असलेल्या आणि त्वचेत ताण शिल्लक असलेल्या माणसाला तिचा फायदा सर्वाधिक.

आपल्याकडच्या पुरुषांची ढेरी बऱ्याचदा वेगळ्या प्रकारची असते. बोटांच्या चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. पोट पुढे आलेले, पण टणक आणि चिमटीत न येणारे असेल, तर चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती असते. कॅन्युला तिथे जात नाही. गेली तर तो अपघात ठरतो. मधुमेह आणि हृदयविकाराशी जवळचे नाते आहे ते याच आतल्या चरबीचे. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या संशोधकांनी २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सरासरी ९ ते १० किलो चरबी लायपोसक्शनने काढली. १० ते १२ आठवड्यांनी तपासले, तेव्हा त्यांच्या शरीराच्या इन्शुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात, रक्तदाबात आणि रक्तातल्या चरबीत काहीही सुधारणा नव्हती. एवढी चरबी आहाराने आणि चालण्याने गेली असती तर हे आकडे हलले असते. ‘शुगरसाठीही चांगले’ असे कुठलेही क्लिनिक सांगत असेल, तर ते विकण्यासाठी सांगितलेले आहे.

बाळंतपणानंतर सैल पडलेल्या पोटाचेही असेच. त्वचा लोंबत असेल आणि मधले स्नायू एकमेकांपासून दूर गेले असतील, तर त्वचेखालची चरबी काढल्यावर त्वचा अधिकच लोंबते. तिथे टमी टक नावाची वेगळी, मोठ्या छेदाची आणि मोठ्या जोखमीची शस्त्रक्रिया लागते. मांडीवरची खळगेदार त्वचा, म्हणजे सेल्युलाइट, लायपोसक्शनने जात नाही. आणि ‘काढलेली चरबी परत येत नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. काढलेल्या पेशी गेल्या, हे खरे. पण २०११ साली कोलोराडो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की लायपोसक्शननंतर वर्षभरात शरीराने एकूण चरबी भरून काढली होती, आणि ती काढलेल्या जागी, मांडीवर न येता मुख्यतः पोटावर आली होती. खाणेपिणे तेच राहिले तर शरीर साठवण्याची जागा बदलते.

दुसरी गोष्ट धोक्याची. या शस्त्रक्रियेचा इतिहास एका पायापासून सुरू होतो. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल दुजारिए नावाच्या शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पायातली चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. जखम सडली आणि पाय कापावा लागला. त्यानंतर अनेक दशके या वाटेला फारसे कुणी गेले नाही. सत्तरच्या दशकात इटलीत फिशर पितापुत्रांनी नळीने चरबी ओढण्याची पद्धत काढली आणि फ्रान्समध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची कॅन्युला वापरून ती बरीच सुरक्षित केली. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी टुमेसंट तंत्र प्रसिद्ध केले. सलाइनमध्ये लिडोकेन हे भूल देणारे आणि ॲड्रिनलिन हे रक्तवाहिन्या आकसवणारे औषध मिसळून ते भरपूर प्रमाणात चरबीत भरायचे. यामुळे रक्तस्राव खूप कमी झाला आणि शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयातून छोट्या क्लिनिकमध्ये आली.

सोय झाली, तिथेच सावधगिरीही सैल पडली. ॲड्रिनलिनसह लिडोकेनची नेहमीची कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम. टुमेसंट पद्धतीत ती किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत, काही तज्ज्ञांच्या मते ५५ पर्यंत नेतात, कारण चरबीतून औषध रक्तात फार हळू उतरते. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईला एरवी ४२० मिलिग्रॅम, तर इथे २१०० मिलिग्रॅम. रक्तातली त्याची पातळी शिखरावर पोहोचायला बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. जाहिरातीतले ‘त्याच दिवशी घरी’ इथे आठवावे. सकाळी ऑपरेशन झालेली बाई रात्री घरी झोपलेली असते, तेव्हा औषध अंगात सर्वाधिक असण्याची शक्यता असते. ओठ बधिर होणे, कानात आवाज, चक्कर, बरळणे ही लक्षणे घरच्यांना माहीत नसतील, तर ‘भूल उतरली नाही अजून, झोपू दे’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

मृत्यू विरळा आहे, हे आधी सांगायला हवे. पण विरळा म्हणजे किती? अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळातल्या सुमारे पाच लाख शस्त्रक्रियांची माहिती प्लास्टिक सर्जनांकडून गोळा करून २००० साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ९५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे पाच हजारांत एक. नंतरच्या अनेक पाहण्यांत हे प्रमाण बरेच कमी दिसते. पण त्या जुन्या पाहणीतली कारणांची यादी आजही तितकीच कामाची आहे. सर्वाधिक मृत्यू पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन झाले. त्यानंतर कॅन्युलाने पोटाच्या आतल्या अवयवाला भोक पडणे, भूल, चरबीचे कण रक्तात मिसळणे, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. हे सगळे निरोगी, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या माणसांच्या बाबतीत घडले. आजार बरा करण्यासाठी घेतलेली जोखीम आणि हौसेसाठी घेतलेली जोखीम एकाच मापाने मोजता येत नाही.

जोखीम वाढते कशाने, हेही ठाऊक आहे. एका बैठकीत पाच लिटरहून अधिक काढणे हे ‘मोठे’ लायपोसक्शन मानतात आणि त्यासाठी रात्रभर देखरेख लागते. फ्लोरिडा राज्याने तर क्लिनिकमध्ये काढायच्या चरबीवर चार लिटरची मर्यादा घातली आहे. पोट, मांड्या, दंड आणि वर टमी टक असे सगळे एकाच दिवशी उरकले की वेळ वाढतो आणि वेळेबरोबर गुठळीची भीती. धूम्रपान, गर्भनिरोधक गोळ्या, आधी कधी पायात गुठळी झालेली असणे यांनी ती आणखी वाढते. इथे परदेशस्थ मराठी कुटुंबांनाही एक सांगणे आहे. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला यायचे, स्वस्तात शस्त्रक्रिया उरकायची आणि दहाव्या दिवशी परतीच्या लांब विमानप्रवासाला बसायचे, हा बेत गुठळीला आमंत्रण देणारा आहे. शिवाय गुंतागुंत तिकडे उद्भवली, तर ऑपरेशन करणारा हात हजारो मैल दूर असतो.

आपल्या देशातली दोन उदाहरणे आपल्याला माहीत असतीलच. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चेतना राज ही कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. बातम्यांनुसार, तिने आईवडिलांना सांगितले नव्हते. २०२५ मध्ये तिरुवनंतपुरममधल्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर बाईला अशाच शस्त्रक्रियेनंतर झालेल्या गंभीर संसर्गामुळे हातापायाची नऊ बोटे गमवावी लागली. चूक कुणाची हे ठरवणे न्यायालयाचे आणि परिषदांचे काम, माझे नव्हे. पण पहिल्या घटनेत एक गोष्ट लपलेली आहे जी आपल्या समाजाला नीट लागू पडते. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया गुपचूप केली जाते. सासरी कळू नये, ऑफिसात कळू नये, म्हणून एखाद्या मैत्रिणीला बरोबर घेऊन जायचे आणि ‘दोन दिवस माथेरानला’ असे सांगायचे. गुपित राखायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मध्यरात्री श्वास लागला तर निर्णय घेऊ शकणारे, आजारांचा इतिहास माहीत असलेले एक तरी माणूस त्या गुपितात सामील असलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट: कॅन्युला कुणाच्या हाती आहे. इथे विषय थेट आपल्या परिषदेच्या अंगणात येतो. एमबीबीएस, त्यानंतर एमएस जनरल सर्जरी, त्यानंतर तीन वर्षांचे एमसीएच प्लास्टिक सर्जरी, किंवा डीआरएनबी (पूर्वीची डीएनबी) ही त्या विषयातली पदवी, हा प्लास्टिक सर्जन होण्याचा रस्ता. त्वचारोगाचे पदव्युत्तर शिक्षण आणि वेगळे प्रशिक्षण घेतलेले काही त्वचारोगतज्ज्ञही स्थानिक भुलीखाली मर्यादित लायपोसक्शन करतात, आणि त्यांच्या संघटनेने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. पण पाटीवर दिसतात ते शब्द वेगळेच: ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फिजिशियन’, ‘बॉडी कॉन्टूरिंग एक्सपर्ट’, आणि पुढे परदेशातल्या चार दिवसांच्या कार्यशाळेची इंग्रजी आद्याक्षरे. सामान्य माणसाला एमसीएच आणि असल्या आद्याक्षरांतला फरक कळत नाही, आणि तो कळू नये अशीच त्या पाट्यांची रचना असते.

डॉक्टरांची नोंदणी पडताळण्यासाठी आपल्या परिषदेने क्यूआर कोडची सोय आणली, हे फार चांगले झाले. पण तो कोड स्कॅन करायचा असतो हे किती जणांना माहीत आहे? आणि स्वागतकक्षात ज्यांचे नाव लावले आहे तेच ऑपरेशन करतील, याची हमी त्यातून मिळत नाही. अनेक ठिकाणी पहिली भेट होते ती ‘काउन्सेलर’शी. या मॅडम अत्यंत गोड बोलतात, पॅकेज समजावतात, हप्ते बसवून देतात आणि ‘आज बुक केले तर’ मिळणारी सवलतही सांगतात. त्या डॉक्टर नसतात. ऑपरेशन करणारे डॉक्टर कधीकधी थेट टेबलाशेजारीच भेटतात. भूलतज्ज्ञ तर नाव न कळताच येऊन जातात.

चौथी गोष्ट पैशांची. आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, पण निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ती सूट नाही; जन्मजात व्यंग, अपघात किंवा जखमेसाठी केलेली प्लास्टिक सर्जरी तेवढी सुटते. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांच्या यादीतही कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आहे. म्हणजे कर घेणारे सरकार आणि विमा देणारी कंपनी, दोघेही हिला उपचार न मानता खरेदी मानतात. मग खरेदीदाराला मिळणारी किमान माहिती तरी मिळायला नको का? पॅकेजच्या आकड्यात भूलतज्ज्ञाची फी, रक्ततपासण्या, प्रेशर गार्मेंट (नंतर घालायचा घट्ट कपडा), पुढच्या भेटी धरल्या आहेत का? आकार ओबडधोबड राहिला तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा? अतिदक्षता विभागात हलवावे लागले तर तिथले बिल कोण भरणार? गुंतागुंतीचा खर्चही विमा कंपनी बऱ्याचदा नाकारते, हे शेवटी कळते तेव्हा घरातले दागिने मोडण्याची वेळ आलेली असते.

पाचवी गोष्ट नंतरच्या दिवसांची. छेदांतून एक-दोन दिवस गुलाबी पाणी झिरपते. अंग काळेनिळे पडते. प्रेशर गार्मेंट चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालावे लागते. मे महिन्यातल्या मुंबईत ते काय असते याची कल्पना करून तारीख ठरवावी. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांवर लग्न ठेवून लायपोसक्शन करणे म्हणजे सूज घेऊन मांडवात उभे राहणे. त्वचा काही आठवडे बधिर राहते. कुठे द्रव साचतो आणि सुईने काढावा लागतो, कुठे लाटा उमटतात, कुठे दोन बाजू सारख्या होत नाहीत. यातले बरेचसे किरकोळ आणि निभावण्याजोगे आहे. पण आधी सांगितले तर ते अपेक्षित वाटते, नंतर कळले तर फसवणूक वाटते.

महोदय, रुग्णाला ही माहिती द्या, हे मी नव्याने मागत नाही, कायदा ते आधीच मागतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की संमती खरी ठरायची तर रुग्णाला उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि मोठे धोके पुरेसे सांगितलेले असले पाहिजेत. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करणे आणि रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देणे-घेणे, दोन्ही २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत निषिद्ध आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाल्यामुळे २००२ चे नियमच पुन्हा लागू झाले. त्याच नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक केले. नियमांची कमतरता नाही. ते नियम आणि क्लिनिकच्या सोफ्यावर बसलेली बाई यांच्यामध्ये एक कागद कमी पडतो आहे.

इतरांनी काय केले ते पाहा. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकी गायक कान्ये वेस्ट यांच्या आई डोंडा वेस्ट यांचा लायपोसक्शन आणि स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी मृत्यू झाला. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार निघाला. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये त्यांच्या नावाचा कायदा केला: ऐच्छिक सौंदर्यशस्त्रक्रियेआधी शारीरिक तपासणी आणि लेखी वैद्यकीय मंजुरी सक्तीची. ब्रिटनमध्ये २०१६ पासून शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजने पहिली भेट आणि शस्त्रक्रिया यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवायला सांगितले आहे, तर तिथल्या वैद्यक परिषदेने डॉक्टरांना संमती स्वतः घेण्याचे बंधन घातले. ऑस्ट्रेलियात कॉस्मेटिक क्लिनिकमधले गैरप्रकार दूरचित्रवाणीने उघड केल्यावर २०२३ मध्ये कुटुंबडॉक्टरांची चिठ्ठी, दोन भेटी आणि सात दिवसांचा थांबा आला, आणि ‘सर्जन’ ही उपाधी कुणी लावावी याचाही कायदा झाला. या देशांत या शस्त्रक्रिया बंद पडलेल्या नाहीत. त्या अजूनही होतात, फक्त घाईने होत नाहीत.

म्हणून माझ्या विनंत्या मोजक्या आहेत.

एक, लायपोसक्शनसाठी परिषदेने एकच प्रमाणित माहितीपत्रक तयार करावे. मराठीत, सोबत हिंदी आणि उर्दूत, दोन पानांचे, मोठ्या अक्षरांत. वर मांडलेल्या पाचही गोष्टी त्यात याव्यात, आणि श्वास लागणे, छातीत किंवा पोटरीत दुखणे, ताप, पोटात तीव्र वेदना, लघवी कमी होणे, बरळणे, जखमेभोवती लाली पसरणे किंवा त्वचा काळी पडणे, या लक्षणांत ताबडतोब रुग्णालय गाठा, ही सूचना ठळक असावी.

दोन, हे पत्रक देण्याची तारीख आणि संमतिपत्रावरची तारीख यांत किमान चौदा दिवस असावेत. त्या काळात मन बदलले तर भरलेली रक्कम परत मिळावी.

तीन, माहिती देणारा आणि संमती घेणारा तोच डॉक्टर असावा जो ऑपरेशन करणार आहे. त्याचा आणि भूलतज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक संमतिपत्रावर असावा.

चार, मृत्यू, अतिदक्षता विभागात हलवणे आणि अवयवाला इजा, या तीन गोष्टी परिषदेला कळवणे बंधनकारक व्हावे. आज महाराष्ट्रात वर्षाला किती लायपोसक्शन होतात आणि त्यांतली किती बिघडतात, हे सांगणारी एकही सार्वजनिक नोंदवही नाही. जे मोजले जात नाही ते सुधारता येत नाही.

पाच, सवलत, हप्ते आणि आधी-नंतरची छायाचित्रे दाखवून रुग्ण ओढणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांची परिषदेने स्वतःहून दखल घ्यावी, तक्रारीची वाट पाहू नये.

यावर काही डॉक्टर म्हणतील, धोक्यांची यादी वाचून रुग्ण घाबरेल. घाबरू दे. हर्नियाच्या रुग्णाला घाबरवून परत पाठवले तर त्याचे नुकसान होते. लायपोसक्शनचा विचार करणारा घाबरून घरी गेला, तर त्याचे पोट होते तेवढेच राहते. काही म्हणतील, आम्ही सगळे सांगतोच. जे सांगतात त्यांच्यावर या पत्रकाने कसला भार पडणार? उलट तासभर नीट समजावणारा प्लास्टिक सर्जन आज दहा मिनिटांत ‘बुकिंग’ घेणाऱ्या शेजारच्या क्लिनिकपुढे महाग आणि भित्रा ठरतो. या नियमाचा पहिला फायदा त्यालाच होईल. आणि परिषदेकडे मनुष्यबळ कमी आहे, अनेक क्लिनिकांतले लोक तिच्या नोंदणीतच नाहीत, ही अडचण खरी आहे. सक्तीसाठी राज्य सरकारची साथ लागेल. पण पत्रक छापायला आणि संकेतस्थळावर टाकायला ती लागत नाही. एकदा ते लोकांच्या हातात पडले की ज्या क्लिनिकमध्ये ते मिळत नाही तिथे प्रश्न विचारला जाईल.

हे पत्र खुले असल्याने शेवटी दोन शब्द वाचकांसाठी. परिषदेचे पत्रक येईल तेव्हा येईल. तोवर क्लिनिकमध्ये जाताना प्रश्न लिहून न्या. ऑपरेशन कोण करणार, त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? भूल कोण देणार आणि ते शेवटपर्यंत थांबणार का? किती लिटर काढणार? अतिदक्षता विभाग इथे नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी करार आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? पहिल्या रात्री फोन कोण उचलणार? घेत असलेले प्रत्येक औषध सांगा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, काढे आणि चूर्णे, आणि वजन घटवण्याची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामे होते आणि भूल देताना ते घातक ठरू शकते. तंबाखू आणि सिगारेट किमान महिनाभर आधी सोडा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. संमतिपत्र आदल्या आठवड्यात घरी मागून घ्या, समजले नाही ते विचारा, आणि सही केलेल्या कागदाची प्रत जवळ ठेवा. आरशात दिसणाऱ्या एकाच उणिवेचा विचार दिवसभर पिच्छा सोडत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तसल्या अस्वस्थतेवर कॅन्युला उपाय नाही. आणि या प्रश्नांना कुणी हसून ‘एवढा विचार करू नका हो’ असे म्हणाले, तर तिथून उठा.

महोदय, रुग्ण ही सावधगिरी स्वतः बाळगतील, पण ती प्रत्येकाने एकट्याने शोधून काढायची गरज पडू नये, यासाठीच परिषद असते. येत्या लग्नसराईच्या जाहिराती झळकण्याआधी दोन पानांचे पत्रक निघावे, एवढीच विनंती. मसुदा लोकांसमोर ठेवलात तर त्यावर सूचना पाठवणाऱ्यांत मी असेनच, आणि रुग्णांसाठी काम करणाऱ्या संघटनाही असतील.

कळावे,

आपली विश्वासू,
एक नागरिक